मावशीने दडवलेली गुणगुण

मावशीला कुणी विचारलं असतं की तुला एवढा राग कशाचा आला, तर तिने सांगितलं असतं, दाराचा. खरं म्हणजे दारावर टांगलेल्या पाटीचा. पाटीवर लिहिलेलं होतं, "आत संगीत चालू आहे, कृपया थांबावे." अठरा वर्षं ती ज्या खोल्यांत न विचारता, न ठोठावता शिरत आली होती, कोपराने दार ढकलून, कारण हातात एकतर गरम पाण्याचं भांडं असे नाहीतर चादरींचा गठ्ठा, त्या खोल्यांबाहेर तिने आता थांबायचं होतं. आणि कोणासाठी, तर येऊन जुमाजुमा चार दिवस झालेल्या एका बाईसाठी.

हा वॉर्ड इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर होता. कॅन्सरच्या ज्या रोग्यांना बरं करणं आता डॉक्टरांच्या हातात राहिलेलं नसे, त्यांना इथे आणत. बरं करता येत नाही म्हणजे काही करता येत नाही, असं मात्र नाही. दुखणं आटोक्यात ठेवायचं, उलटी थांबवायची, झोप लागू द्यायची, आणि जितके दिवस असतील तितके माणसाला माणसासारखं राहू द्यायचं, हे तिथलं काम. बारा खोल्या, मध्ये लांब मार्गिका, एका टोकाला सिस्टरांचं टेबल आणि दुसऱ्या टोकाला चादरींची खोली. खिडक्यांतून गाड्या लावायची जागा दिसायची, म्हणजे बघण्यासारखं काही नव्हतं.

मावशी नर्स नव्हती. तिच्या बिल्ल्यावर "वॉर्ड मदतनीस" असं होतं, पण तो बिल्ला कुणी वाचत नसे. दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसायची. अंग पुसायचं. माणूस पलंगावर असतानाच त्याच्या खालची चादर बदलायची, आणि ती अशी की त्याला वाटावं, आपणच जरा हललो. हे सगळं ती करायची. आणि नम्रता म्हणून खोटं कशाला बोला, तिच्याइतकं चांगलं कुणी करत नसे. रोग्याला हात लावायच्या आधी ती दोन्ही तळवे गरम पाण्याच्या नळाखाली धरायची. तिचं म्हणणं, माणूस चेहऱ्याने खोटं बोलेल पण पाठीने बोलायचा नाही. पाठीवर हात ठेवला की तिला कळे, आज कुठे दुखतंय, आज भीती आहे की नुसता कंटाळा. "मावशीला बोलवा" हे वाक्य त्या मार्गिकेत दिवसातून वीसदा ऐकू यायचं. मावशी दरवेळी "आले गं बाई, काय कटकट आहे" म्हणायची, आणि दरवेळी आतून फुगायची.

अशात ती गाणेवाली आली. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पस्तिशीची, केस कापलेले, पायांत आवाज न होणारे बूट, पाठीवर गिटार. मोठ्या सिस्टरांनी सगळ्यांना गोळा करून ओळख करून दिली. ह्या ताई आहेत, ह्यांनी रोग्यांसाठी संगीताचा वापर कसा करायचा याचं रीतसर शिक्षण घेतलंय, औषधं चालूच राहतील, हे औषधांच्या जोडीला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीनेही डोलावली. मनात म्हणाली, झालं, आता मरणाऱ्याच्या उशाशी तमाशा.

गाण्याचं आणि मावशीचं आधीपासून वाकडं होतं. शाळेत सगळ्या वर्गाचं मिळून गाणं बसवलं, तेव्हा बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं करून सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं." तिने हलवले. पुढे घरात लेकीला झोपवतानाही ती गायली नाही, नुसती थोपटायची. तेव्हा कोणी गळ्यावर मिरवू लागलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

पण तमाशा झालाच नाही, आणि तेच जास्त लागलं. ताई खोलीत जाऊन आधी नुसती बसायची. रोग्याची छाती कशी वरखाली होतेय ते बघत राहायची. मग त्या श्वासाच्याच वेगाने दोनतीन तारा छेडायची. धाप लागलेली असेल तर वाजवणंही धापा टाकायचं. थोड्या वेळाने ती वेग हळूच कमी करत न्यायची, आणि श्वास तिच्या मागोमाग यायचा. दाराच्या काचेतून मावशीने हे पाहिलं. "ह्याला गाणं म्हणायचं?" ती सिस्टरांच्या टेबलापाशी येऊन म्हणाली. "ना सुरुवात, ना शेवट. अर्धा तास तेच तीन सूर. एवढं तर आमचं औषधाच्या पंपाचं यंत्रही वाजतं."

सात नंबरमध्ये एक शिवणकाम करणाऱ्या बाई होत्या. संध्याकाळ झाली की त्यांच्या मुठी घट्ट आवळायच्या, त्यांच्या त्यांनाच उघडता यायच्या नाहीत. मावशी रोज कोमट तेल घेऊन अर्धा तास एकेक बोट सोडवायची. एका बुधवारी ती तेलाची वाटी घेऊन गेली, तर बाई झोपलेल्या आणि दोन्ही हात चादरीवर उघडे. गिटार नुकतीच खोलीबाहेर गेली होती. मावशी वाटी हातात धरून उभी राहिली. बाईंना बरं वाटलं याचा तिला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. तेल गार झालं, तिने ते परत बाटलीत ओतलं आणि बाटलीचं बूच इतकं जोरात दाबलं की ते आत गेलं.

त्या दिवसापासून मावशीच्या ढकलगाडीचं एक चाक कुरकुरायला लागलं. म्हणजे कुरकुरत ते वर्षभर होतंच, पण आता नेमकं पाटी टांगलेल्या दारासमोर कुरकुरायचं. दुरुस्तीवाला तेलाची कुपी घेऊन आला, तर मावशीने त्याला परत पाठवलं. "राहू दे. रोग्यांना कळतं मी आले ते." मोठ्या सिस्टर नुसत्या "मावशी, चाक" एवढंच म्हणायच्या. मावशी म्हणायची, "हो ना, बघायला हवं." रोगी आता "मावशीला बोलवा" म्हणण्याऐवजी "आज कोणता वार?" असं विचारू लागले होते. कानामागून आली आणि तिखट झाली, ते असं.

घरी तिचा नवरा, बसगाड्या दुरुस्त करणारा, जेवताना रोज हे ऐकायचा. एक दिवस म्हणाला, "अगं, तुझ्या पोटात दुखतंय."

"माझ्या? माझ्या कशाला दुखेल?"

"दुखतंय खरं. त्या ताईकडून जरा गिटार वाजवून घे त्याच्यावर."

मावशी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. त्याला बरंच शांत वाटलं असावं, कारण त्याने समजूत काढायची घाई केली नाही.

आणि मग नऊ नंबरमध्ये कुलूपवाले आजोबा आले.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, हाडं आणि कातडी, पण डोळे असे की कुठल्याही वस्तूचा स्क्रू शोधतायत. पन्नास वर्षं कुलपं दुरुस्त करायचं आणि किल्ल्या कापायचं दुकान चालवलेलं. बायको नाही, मूल नाही, एक पुतण्या रविवारी येऊन खुर्चीच्या कडेवर बसायचा. आजोबांचा कॅन्सर हाडांत उतरला होता. हलवलं की दुखे, आणि न हलवून चालत नसे. पहिल्या दिवशी मावशीने गरम तळवे पाठीखाली घालून त्यांना वळवलं, तेव्हा त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"तुला सगळे मावशी म्हणतात?"

"हो, आजोबा."

"मी नाही म्हणायचो. मला मुलगी असती तर तुझ्याएवढी असती. मी पोरीच म्हणेन."

मावशी त्रेपन्न वर्षांची होती. लेकीचं लग्न होऊन सहा वर्षं झालेली, गुडघे कुरकुरायला लागलेले. तिचे वडील गेल्यापासून तिला पोरी म्हणणारं जगात कुणी उरलं नव्हतं. ती "इश्श, पोरी काय" म्हणाली आणि त्या दिवशी तिने बाराही खोल्यांच्या खिडक्या पुसल्या, कुणी सांगितलं नसताना.

तिसऱ्या दिवशी ती गुणगुण आली. मावशी आजोबांचं अंग पुसत होती. गरम टॉवेल पिळून तिने पाठीवर पसरला आणि वरून दोन्ही हात ठेवले. आजोबांचा दबलेला श्वास मोकळा सुटला, आणि त्याच्या पाठोपाठ घशातल्या घशात एक सूर. आधी तीन पायऱ्या खाली, मग एकदम वर उडी, तिथे जरा अडकल्यासारखं, मग हळूहळू पुन्हा खाली. शब्द नाहीत. संपलं की पहिल्यापासून. मावशीचे हात थांबले नाहीत, पण तिने श्वास रोखून धरला.

"काय गं, फार बेसूर आहे ना?" आजोबांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"चालू द्या. मला कुठे कळतंय."

"कानस चालवताना आपोआप यायचं तोंडातून. माझ्या बापालाही हीच खोड. किल्ली घासायची आणि हे चालू."

"कुठलं गाणं म्हणायचं हे?"

"गाणं कसलं, खोडच ती."

त्यानंतर रोज सकाळी टॉवेल पाठीवर पडला की गुणगुण यायची. औषधाने सकाळी दुखणं दबलेलं असे. मावशीच्या हातांखालीच ती यायची, एरवी कधी नाही. पगार म्हणून कागदावर जे मिळतं ते मिळतं. हे तिला खरं मिळालेलं वाटायचं.

दुपारचे चार वाजायला आले की मात्र आजोबांचं सगळं बिघडायचं. औषध वाढवलं होतं, वेळा बदलल्या होत्या, तरी त्या वेळी त्यांना काहीतरी घेरायचं. श्वास तुटक व्हायचा, हात पलंगाच्या दांड्यावर आपटायचे, "नाही, नाही" एवढंच म्हणत राहायचे. ताई शुक्रवारी त्यांच्याकडे प्रथम गेली. ते शांत असताना तिने विचारलं, "आजोबा, तुम्हाला कुठली गाणी आवडतात?"

"मी गाण्यातला नाही," आजोबा म्हणाले. "दुकानात रेडिओ ठेवला नाही कधी. कान कुलपाच्या आत ठेवावा लागतो."

चार वाजता ताईने त्यांच्या वयाच्या माणसांची गाणी वाजवून पाहिली, नंतर नुसत्या तारा छेडून पाहिल्या. श्वास काही तिच्या मागोमाग आला नाही. खोलीबाहेर मावशी गाडीपाशी टॉवेलांच्या घड्या घालत होती. घड्या घातलेल्याच होत्या, ती त्या मोडून पुन्हा घालत होती. ताई घामाघूम होऊन बाहेर आली आणि सरळ तिच्याकडेच वळली.

"मावशी, तुम्ही सगळ्यात जास्त वेळ असता त्यांच्याजवळ. कधी काही म्हणतात का ते? एखादी ओळ, शीळ, काहीही?"

मावशीच्या कानात सकाळचा सूर वाजत होता. तीन पायऱ्या खाली, एक उडी.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी काय गाण्यातली आहे? आमचं काम पाठीपर्यंत."

ताई "बरं" म्हणून गेली. मावशीला वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाकी सगळ्या खोल्या घे, सात नंबर घे, अकरा नंबर घे. हे एवढं तुझं नाही.

माणूस चुकीचं करतो तेव्हा त्याला वकील शोधायला बाहेर जावं लागत नाही. मावशीकडेही घरचे वकील होते. आजोबा स्वतःच म्हणाले होते ना, गाणं नाही म्हणून? मग ते गाणं कसं सांगायचं? आणि अंग पुसताना ऐकलेलं बाहेर बोलणं बरं नव्हे. आणि सांगून काय होणार आहे, गिटारने का हाडं बरी होतात?

हा शेवटचा वकील पुढच्या आठवड्यातल्या बैठकीत हरला. डॉक्टरीणबाई नऊ नंबरबद्दल म्हणाल्या, "औषध आपलं काम करतंय. पण दुखण्याला भीती चिकटलीय, आणि तिच्यावर डोस वाढवत गेलो तर ते नुसते गुंगीत राहतील. त्यांना जागं राहायचंय." ताई म्हणाली, "अगदी आतलं, त्यांच्या हाडामांसातलं काहीतरी सापडायला हवं. अशा वेळी माणूस नवीन काही ऐकूच शकत नाही. जुनं धरायला मिळालं तर तो धरतो, आणि मग मला त्याचा श्वास हळू करता येतो. मी येते तेव्हा दरवेळी शोधतेय." सगळ्यांनी विचार केल्यासारखे चेहरे केले. मावशी भिंतीला टेकून उभी होती. तिला बोलायला एक वाक्य पुरलं असतं. तिने पदराशी चाळा केला आणि वाक्य गिळलं.

ती दुष्ट होती असं नाही. दुपारी चार वाजता ती आजोबांपाशीच असायची, दांड्यावर आपटणारे हात धरून. "मी आहे ना, आजोबा, मी आहे ना." तिला मनापासून वाटायचं की आपले हात पुरतील. सात नंबरच्या मुठी सुटायच्या तसं हेही सुटेल. हात पुरत नव्हते, हे तिला दिसत होतं, आणि तरी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा हातच पुढे करत होती. त्या हट्टाला प्रेम म्हणावं की मत्सर, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. नंतर तिने स्वतःच सांगितलं, मत्सर.

तिसऱ्या शुक्रवारी तिच्या जखमेवर मीठच पडलं. ती गार पाणी घेऊन नऊ नंबरमध्ये शिरली. ताई गिटार पिशवीत घालत होती, आज पुन्हा काही जमलं नव्हतं. आजोबा दमून पडले होते. डोळे न उघडता म्हणाले, "तू वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी."

मावशी म्हणाली, "नाही हो, आजोबा, मला कशाला."

आजोबांनी डोळे उघडले. "तुला नाही. हिला म्हणालो."

मावशीने पाणी ठेवलं. थोडं सांडलं. ती तडक चादरींच्या खोलीत गेली, दार लावलं आणि उशीच्या अभ्र्यांच्या गठ्ठ्यावर बसून रडली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दोन आठवड्यांत एक सूर सापडला नाही जिला, तीही पोरी? त्या क्षणी तिने ठरवलं की आता तर मुळीच सांगायचं नाही. गाठ बसली.

पण मंगळवारी सकाळी वेगळंच झालं. आदल्या दुपारचं दुखणं रात्रभर उतरलं नव्हतं. मावशीने नेहमीप्रमाणे तळवे गरम केले, टॉवेल पिळला, पाठीवर ठेवला आणि वाट पाहिली. गुणगुण आली नाही. तिने हात किंचित दाबले. आजोबांनी कण्हत कोपर मागे मारलं. ते तिच्या छातीला लागलं.

"हात नको लावू! नको! हात काढ!"

तिने हात काढले. अठरा वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. टॉवेल पाठीवरच गार होत गेला. आजोबांचे खांदे थरथरत होते, आणि ती बाजूला दोन्ही हात लोंबकळत ठेवून उभी होती. तिला तेव्हा लख्ख दिसलं. जो सूर ती मुठीत धरून बसली होती, तो आता ज्याचा होता त्याच्याकडेही राहिला नव्हता. जगात तो फक्त तिच्या डोक्यात उरला होता. आणि तिला तर गाता येत नव्हतं.

बुधवारी ताई जिन्यावरून वर येतानाच मावशीने तिला गाठलं. "चला," म्हणाली आणि दंड धरून चादरींच्या खोलीत नेलं. दार लावलं.

"नऊ नंबरचे आजोबा एक गुणगुणतात," ती म्हणाली. "म्हणजे गुणगुणायचे."

ताईचे डोळे मोठे झाले. "म्हणून दाखवा."

"मला येत नाही."

"जसं येईल तसं."

मावशीने डोळे मिटले आणि तोंड उघडलं. जे बाहेर आलं त्याला सूर म्हणणं कठीण होतं. तिच्या ढकलगाडीचं चाक बरं. तिचे कान लाल झाले. ताई हसली असती तर मावशीने तिथल्या तिथे सगळं सोडून दिलं असतं, आणि तिला बरंही वाटलं असतं. पण ताई हसली नाही. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि तारा चाचपू लागली. "असं?"

"नाही. खाली जातं, पण एवढं नाही."

"असं?"

"हं. आता उडी. नाही, इतकी उंच नाही. हां. तिथे अडकतं. किल्ली फिरता फिरता अडकते ना, तसं. नाही नाही, थांबा, लवकर सुटलं ते."

अर्धा तास लागला. मावशीला म्हणता काही येत नव्हतं, पण चुकलेलं तिला लगेच कळत होतं, हाताखाली पाठ कळावी तसं. शेवटी ताईने ते सलग वाजवलं आणि मावशीच्या अंगावर काटा आला. हुबेहूब तेच. आणि आजोबांच्या घशातून यायचं त्याहून कितीतरी सुंदर. तिला ते झटकन परत ओढून घ्यावंसं वाटलं. आत्ता, या घटकेला, चांगलं काम करताना सुद्धा तिचा जीव जळत होता. ही रिकाम्या हाताने आली आणि माझं होतं नव्हतं ते घेऊन चालली.

चारला दहा मिनिटं होती. आजोबांचा श्वास तुटायला लागला होता, हात दांड्यावर आपटत होते. ताईने आज पाटी टांगली नाही. मावशी पायाशी उभी राहिली. ताईने आजोबांच्या धापांच्याच वेगाने ते सुरू केलं, तुटक, घाईघाईचं. तीन पायऱ्या खाली, एक उडी.

"नाही, ना—" आजोबा म्हणत होते, ते मध्येच थांबले.

ताईने पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आजोबांचा उजवा हात दांड्यावरून खाली आला. अंगठा आणि दोन बोटं जुळली आणि चादरीवर बारीक बारीक मागेपुढे होऊ लागली, कानस धरल्यासारखी. ताई वेग कमी करत गेली. बोटं हळू झाली, मग श्वास हळू झाला. दुखणं गेलं नव्हतं, कपाळावरच्या आठ्यांत ते दिसत होतं. पण आजोबा आता त्याच्या तावडीत नव्हते. ते तिथे होते, खोलीत, जागे. साडेचार वाजले, पावणेपाच वाजले. अशी दुपार नऊ नंबरने आजवर पाहिली नव्हती. मावशी हे बघत होती आणि तिला एकोणीस दुपारी आठवत होत्या. ताईने तिला विचारलं तेव्हापासूनच्या. एकेक करून.

ताईने तारांवर हात ठेवला. "आजोबा, हे तुमचंच ना?"

"माझंच," आजोबा म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण स्वच्छ. "तुला कुणी दिलं?"

"मावशींनी." ताईने वळून मावशीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कौतुक होतं, दुसरं काही नव्हतं. "मावशी, काय काम केलंत तुम्ही! हे कधी सापडलं तुम्हाला?"

मंगळवार सांगावा, मावशी मनात म्हणाली. मंगळवारी तर त्यांनी कोपर मारलं.

"काल," ती म्हणाली. "काल सकाळी. अंग पुसताना."

आजोबांनी मान तिच्याकडे वळवली. ते डोळे, स्क्रू शोधणारे. ते तिच्या चेहऱ्यावर थांबले आणि हलेनात. मावशीला वाटलं, आता सांगतील. सांगू देत. तिसऱ्या दिवसापासून ऐकतेय ही, मीच हिला विचारलं होतं बेसूर आहे का म्हणून. सांगू देत एकदाचं.

"हो ना, आजोबा?" ताईने विचारलं. "काल गुणगुणत होतात?"

"हो," आजोबा म्हणाले. "कालच."

ताईने फाइल उघडली आणि तसं लिहून ठेवलं, तारीख घालून, मावशीचा उल्लेख करून. मग तिच्या खांद्यावर थोपटून अकरा नंबरकडे गेली. तिचे बूट वाजले नाहीत.

खोलीत दोघंच राहिली. मावशी पायाशीच उभी होती. शिवी द्या, ती मनात म्हणत होती, काहीही बोला. आजोबा छताकडे बघत होते.

"कूस बदलून दे," ते म्हणाले.

तिने नळाखाली तळवे धरले. पाणी पोळेपर्यंत धरले. मग आली, एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि त्यांना भिंतीकडे वळवलं. पाठीमागे उशी लावली. चादर सारखी केली. जायला निघाली, तेव्हा भिंतीकडून आवाज आला. रागाचा नव्हता. लहान मूल घरी आल्यावर सांगतं, तसा होता.

"फार दुखलं गं पोरी, एवढे दिवस."

"हो," मावशी म्हणाली.

ती तिथेच खुर्ची ओढून बसली, आणि दहा नंबरमधून कुणीतरी "मावशीला बोलवा" म्हणून हाका मारत होतं, तरी उठली नाही.